परचेस ऑफिसातील इंग्रजी : अंदाज कोणता, वायदा कोणता?

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड, पोलाद असे नाना प्रकारचे कारखाने आहेत. त्यांना फॅब्रिकेशन, वेल्डिंग, लाकडी पेट्या, सुटे भाग पुरवणाऱ्या बोईसर-पालघरच्या कारागिरांत आपलेही बांधव आहेत. हात पक्का, माल चोख. पण परचेस ऑफिसरसमोर बसले की अडचण होते. साहेब हिंदी-मराठीत बोलता बोलता एखादा इंग्रजी वाक्प्रचार टाकतात. त्यातला शब्द न् शब्द ओळखीचा, अर्थ मात्र भलताच! आपण मान डोलावतो आणि फसतो.

'बॉलपार्क फिगर' घ्या. बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलचे मैदान. 'बॉलपार्क फिगर द्या' याचा अर्थ ढोबळ आकडा सांगा, पक्का भाव नव्हे. पण तोंडी सांगितलेला आकडा साहेबांच्या वहीत उतरतो आणि पुढे पत्रा महागला तरी "तुम्हीच बोलला होता" असे ऐकावे लागते. म्हणून आकड्याबरोबरच सांगावे, "हा अंदाज आहे, ड्रॉइंग पाहून लेखी कोटेशन देतो." कोटेशनवर भाव किती दिवस लागू राहील तेही लिहावे.

'लेट्स गेट द बॉल रोलिंग' म्हणजे कामाला लागू या. हे ऐकून उत्साहाने माल भरू नये. ही ऑर्डर नाही. परचेस ऑर्डरचा नंबर हाती आल्याशिवाय पत्रा कापू नये. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282व्या आयतीत आहे. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे समजून आपणच लाजतो, हे बरे नव्हे.

'कट कॉर्नर्स' ऐकून फॅब्रिकेटरला कोपरा कापणे आठवेल. साहेबांचा रोख वेगळा असतो : पैसा वा वेळ वाचवण्यासाठी काम कच्चे करू नका. 'बॉटम लाइन' म्हणजे हिशेबाची शेवटची ओळ, अर्थात निव्वळ नफा. मात्र घासाघीस चालू असताना 'व्हॉट्स युअर बॉटम लाइन?' विचारले, तर कमीत कमी किती घ्याल, असा प्रश्न असतो. उत्तर देण्याची घाई नको. 'अंडर द टेबल' म्हणजे सरळ रिश्वत, तिथून उठावे.

सर्वांत महागात पडणारा वाक्प्रचार म्हणजे 'पेमेंट इज इन द पाइपलाइन'. याचा अर्थ बिलावर काम चालू आहे, एवढाच. पैसे निघाले असा नाही. बिल कदाचित स्टोअरमध्येच पडून असेल. तेव्हा नम्रपणे विचारावे, "बिल आज कोणाच्या टेबलावर आहे? तारीख कोणती धरू?"

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे, लेखी करार असल्यास माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकराचाही चाप बसला आहे. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्स विभाग या बिलांकडे लक्ष देतो. उशिराबद्दल कायद्याने व्याजही मिळते. ते घेण्याबाबत आपल्या आलिमांना विचारावे. पण मूळ रकमेसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करण्यात कसलाच संकोच नको.

त्यासाठी उद्यम नोंदणी आधीच केलेली हवी. ती विनाशुल्क होते. तिचा नंबर बिलावर छापावा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र उद्यम नोंदणी असली तरी 45 दिवसांचा हा लाभ मिळत नाही. त्याने उधारीची मुदत ऑर्डरवरच लिहून घ्यावी.