गाडीचा मुहूर्त आणि लायसनची तारीख

लर्निंग लायसनवर असताना मागे मित्राला बसवलंत आणि गाडी घसरली, तर दुरुस्तीचे पैसे द्यायला विमा कंपनी नकार देऊ शकते. पॉलिसी 'फुल' असली तरी. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही. आम्हाला ते कंपनीच्या पत्रातून कळलं.

गोष्ट कराडची. मी विद्यानगरला कॉलेजात होतो, अठरा पूर्ण झाले होते, लर्निंग निघालं होतं आणि दसरा तोंडावर आला होता. आमच्याकडे गाडी कधी आणायची हे पंचांग ठरवतं; आरटीओची तारीख त्यात कुणी धरत नाही. कर्ज वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या पगारावर, म्हणून गाडीही त्यांच्याच नावावर झाली. विम्याचा कागद शोरूमनेच करून दिला आणि तो सीटखाली गेला.

पुढे उसाचा हंगाम लागला. त्या दिवसांत ओगलेवाडीच्या रस्त्यावर ट्रॉल्यांतून पडलेला ऊस, पाचट आणि चाकांबरोबर शेतातून आलेला चिखल असतो. पुढची ट्रॉली थांबली, मी ब्रेक दाबला, मागचं चाक पाचटावरून सरकलं आणि आम्ही दोघं आडवे. मला खरचटलं, मागे बसलेल्या मित्राचं मनगट मोडलं. गाडीचा हँडल वाकला, टाकीला पोचा आला, हेडलाइट फुटला.

विमा कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी गॅरेजवाल्याने मार्ग सुचवला होता. "चुलत्याचं पक्कं लायसन हाय न्हवं? त्यांनीच चालवली म्हणून लिवा की." आण्णा नाही म्हणाले. नीतीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी दवाखान्याच्या कागदावर गाडी कोण चालवत होतं आणि मागे कोण होतं हे पहिल्याच संध्याकाळी लिहिलं गेलं होतं. दोन कागदांत दोन माणसं निघाली, तर ते साधं क्लेम नाकारण्याचं प्रकरण राहत नाही, फसवणुकीचं होतं. असे सल्ले देणारे लोक प्रेमानेच देतात, आणि पुढे सही मात्र आपली असते.

पत्रात ज्या कलमावर बोट ठेवलं होतं, ते जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत 'ड्रायव्हर' या शब्दापुढे छापलेलं असतं. मतलब असा: वैध लायसन असलेला कुणीही गाडी चालवू शकतो, लर्निंगवालाही चालवू शकतो, पण त्याने 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 3 पाळलेला असला पाहिजे. हा नियम सांगतो की गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, आणि शिकवणारा, पक्कं लायसन असलेला माणूस सोबत हवा. मोटारसायकलवर त्या शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. मागे बसलेला गुरुजी ब्रेकपर्यंत पाय कसा पोचवणार, हे नियम करणाऱ्यांनाच ठाऊक. पण नियम आहे, आणि कंपनीला तो दाखवता येतो. माझ्या मित्राचं तर कसलंच लायसन नव्हतं.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे. तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर हा हिशोब बदलतो. स्वरणसिंग खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लर्निंग लायसनही लायसनच आहे आणि तेवढ्या कारणावर तिऱ्हाइताची भरपाई कंपनीला टाळता येणार नाही. अटी मोडल्या असतील तर कंपनीने आधी त्याला द्यायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं, असंही न्यायालयं सांगतात. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला कायदा बऱ्यापैकी सांभाळतो. तुमची टाकी आणि तुमचं हाड सांभाळण्याची जबाबदारी पॉलिसीवर असते, आणि ती अटींवर चालते.

आता हाडाचं. गाडीच्या विम्यासोबत 15 लाखांचं सक्तीचं अपघाती कव्हर येतं, ते पाहून घरचे निर्धास्त होतात. पण ते 'ओनर-ड्रायव्हर'चं असतं, म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तोच गाडी चालवत असेल तर. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, ही तर आपल्याकडची रीतच. आणि नेमकं त्याच मांडणीत मुलाला त्या 15 लाखांतलं काही मिळत नाही. मला कायमचं अपंगत्व आलं असतं तरी आण्णांचं कव्हर कागदावरच राहिलं असतं. यावर उपाय दोनच. अठरा पूर्ण असतील तर गाडी ज्याची त्याच्या नावावर घ्या आणि कर्जाला वडिलांना जामीनदार किंवा सहकर्जदार ठेवा. ते जमत नसेल तर चालवणाऱ्याच्या नावावर वेगळी अपघाती पॉलिसी काढा. तिला गाडी कुणाची हे लागत नाही. मागे बसणाऱ्यासाठीही थोड्या पैशात कव्हर जोडता येतं. आणि नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर मागे बसलेला माणूस त्यात धरला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तिलकसिंग प्रकरणात सांगून ठेवलंय. डबल सीटशिवाय आपली गाडी कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडत नाही, तेव्हा हे लक्षात असू द्या.

म्हणून आता कुणी विचारलं, "पहिली गाडी कोणती घेऊ?", तर मी मॉडेलवर येतच नाही. आधी विचारतो, आरसीवर नाव कुणाचं, चालवणार कोण आणि लायसन कुठलं? लर्निंग निघाल्यापासून 30 दिवसांनी पक्क्या लायसनची टेस्ट देता येते आणि लर्निंग 6 महिने चालतं. म्हणजे सगळा प्रश्न महिना-दीड महिन्याचा आहे. तेवढे दिवस घरातल्या जुन्या गाडीवर, काका-मामांपैकी पक्कं लायसन असलेल्या कुणाला मागे बसवून, 'एल' लावून, मोकळ्या मैदानात क्लच-गिअरचा हात बसवा. गाडी पडायची ती तिथे पडू दे. नवी गाडी पक्कं लायसन हातात आल्यावर आणा. पाडवा हुकला तर अक्षय्य तृतीया आहे, दसरा हुकला तर दिवाळी आहे. मुहूर्तांचा आपल्याकडे तुटवडा कधीच नव्हता.

गाडी निवडताना मुलं पिकअप बघतात, घरचे अ‍ॅव्हरेज बघतात. विम्याच्या बाजूने पाहिलं की तीच गाडी वेगळी दिसते. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं आणि ते इंजिनच्या सीसीवर असतात. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत नव्या दुचाकीच्या 5 वर्षांच्या थर्ड पार्टीला 75 ते 150 सीसीसाठी 3,851 रुपये पडतात, 150 च्या वर आणि 350 पर्यंत 7,365, आणि त्याच्याही पुढे 15,117. वर जीएसटी असेल तो वेगळा. म्हणजे 149 सीसीची यामाहा एफझी एका गटात आणि 160 ची कुठलीही गाडी पुढच्या गटात, जवळजवळ दुप्पट दराने. चालवण्यात तेवढा फरक शिकाऊ हाताला कळणारही नाही. दुसऱ्या बाजूने, 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं झालं. त्या नियमात 125 पर्यंत सीबीएस, म्हणजे दोन्ही चाकांना एकदम ब्रेक लावणारी सोय, चालते. नव्या चालकाचा हात घाबरला की पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो, आणि चाक लॉक न होऊ देणारं एबीएस तिथेच उपयोगी पडतं. या दोन रेघांच्या मधला, 125 च्या वरचा आणि 150 च्या आतला पट्टा मला पहिल्या गाडीसाठी सगळ्यात शहाणा वाटतो. पैसा कमी असेल तर शंभर-सव्वाशेची साधी गाडी घ्या, तिच्यात कमीपणा काही नाही.

वजनाचं कुणी बोलत नाही. बुलेट पाहून छाती फुगते, पण दोनशे किलोच्या आसपासची गाडी उतारावर, वाळूत किंवा पार्किंगमधून मागे ओढताना आडवी होते. वेगात असताना नव्हे. स्प्लेंडरसारखी गाडी त्याच जागी मांडीने सावरता येते. शोरूममध्ये सीटवर बसा, दोन्ही पाय जमिनीला लागतात का बघा, आणि इंजिन बंद ठेवून ती मागे ढकलून बघा. सेल्समन हसला तर हसू दे.

रेसिंगच्या तोंडवळ्याच्या गाड्यांबद्दल एक वेगळीच अडचण. त्यांचं सगळं अंग प्लास्टिकचं. विम्यात प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर 50 टक्के घसारा धरतात. नुसत्या स्टँडवरून गाडी पडली आणि बाजूचं फेअरिंग तडकलं, तर अर्धे पैसे तुमचे. शिकताना गाडी पडतेच, म्हणून पहिली गाडी उघड्या अंगाची, लेग गार्डची असावी. फेअरिंगवालीच हवी असेल तर 'झीरो डेप', म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, जोडून घ्या आणि त्यात वर्षाला किती क्लेम चालतात ते विचारा. एजंट प्रीमियम कमी करून दाखवतो तेव्हा बऱ्याचदा त्याने आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यातली किंमत, खाली आणलेली असते. गाडी चोरीला गेली तर हातात तीच रक्कम येणार, म्हणून आधी तो आकडा बघावा. शोरूमचाच विमा घ्या अशी सक्तीही त्यांना करता येत नाही. बाहेरून दोन ठिकाणचे दर आणलेत की त्यांचाही दर खाली येतो.

आणि आता तो पाच वर्षांचा घोटाळा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला 5 वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. शोरूममधून सहसा जी जोडपॉलिसी मिळते, तिच्यात थर्ड पार्टी 5 वर्षं आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी वगैरे फक्त 1 वर्ष. कागदावर दोन तारखा असतात. लोक मोठी तारीख वाचतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या मुलाची गाडी एसटी स्टँडजवळून चोरीला गेली, तेव्हा पाच वर्षांचा कागद दाखवून काका सगळ्यांना धीर देत होते. चोरीचं कव्हर पहिल्या वर्षाबरोबरच संपलं होतं. शिवाय स्वतःच्या नुकसानीचा हा भाग संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, जी पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असते आणि वाढत 50 पर्यंत जाते, तीही बुडते.

सेकंड हँड घेणाऱ्यांना थोडक्यात. मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षानुवर्षं जुन्याच नावावर फिरवू नका. विक्रीनंतर थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, स्वतःच्या नुकसानीचं कव्हर येत नाही; त्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव लावावं लागतं. विकणाऱ्यानेही जपावं: आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं न्यायालय धरतं, गाडी कधीच हातातून गेली असली तरी.

क्लेम नाकारला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्यायचं. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. आण्णांनी कागद पुन्हा वाचले आणि म्हणाले, नियम आपल्या बाजूने नाही, दुरुस्ती खिशातून करू. मित्राच्या दवाखान्याचं बिलही त्यांनीच भरलं.

सध्या माझी पुण्यातली चुलत बहीण मोटारसायकल घ्यायच्या मागे आहे. कॉलेजला लागल्यापासून ती स्कूटर चालवते, लायसन पक्कं आहे, त्यामुळे "मला कशाला लर्निंग, दादा?" असा तिचा सवाल होता. तिचं लायसन विनागिअरचं. गिअरच्या गाडीसाठी वेगळा वर्ग जोडावा लागतो आणि त्या वर्गापुरती ती पुन्हा शिकाऊच. तेवढा काळ नियम 3 तिलाही लागू. विनागिअरच्या लायसनवर गिअरची गाडी ठोकली असती तर 'एल'चा प्रश्नही आला नसता, थेट लायसनच नाही असं झालं असतं. तिने लर्निंग काढलं. रविवारी सकाळी काकांना मागे बसवून त्यांच्या जुन्या गाडीवर आठ आकडा काढते. गाडी कुणाच्या नावावर घ्यायची यावर मात्र घरात अजून वाद चालू आहे, आणि काका काही ऐकायला तयार नाहीत.