वेल्डिंगशिवाय इंजिनातील तुटलेला बोल्ट कसा काढावा?

विहिरीवर किंवा ओढ्याकाठी बसविलेले डिझेल इंजिन वर्षानुवर्षे उघड्यावर राहते. पावसात भिजते, चालू असताना तापते, बंद केल्यावर निवते. याचा सर्वांत जास्त त्रास सायलेन्सरची फ्लँज सिलिंडर हेडला धरून ठेवणाऱ्या स्टडना होतो. त्यांचे आटे गंजून जाम होतात आणि पॅकिंग बदलण्यासाठी नट सोडवायला गेले की स्टड मुळाशी तुटतो. गहू किंवा कांदा पाण्यावर आलेला असला की मग घाई होते, आणि स्वस्तातल्या स्टडपायी महागाचे हेड खराब होते.

तुटलेल्या तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंग करण्याची कारागिरांची पद्धत चांगलीच आहे. परंतु मळ्यात वेल्डिंग मशीन व त्याला पुरेल अशी वीज बहुधा नसते. त्याविनाही हे काम करता येते.

प्रथम तुटण्याचे कारण पाहावे. जास्त आवळल्यामुळे बोल्टचे डोके तुटले असेल तर आत राहिलेला तुकडा सहसा मोकळाच असतो. त्याच्या कडेवर बारीक छिन्नी तिरपी धरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हलके ठोके दिल्यास तो फिरू लागतो. सोडविताना तुटला असेल तर मात्र त्याला गंजाने धरलेले असते. जी पकड अख्ख्या बोल्टला तोडून गेली, ती उरलेल्या तुकड्यावर नुसता जोर लावून सुटणार नाही. आधी ती सैल केली पाहिजे.

गंजाची पकड सैल करणे

तारेच्या ब्रशने जागा साफ करून गंज सोडविणारा स्प्रे मारावा. तो नसल्यास डिझेलमध्ये थोडे ऑइल मिसळून लावावे. अधूनमधून तुकड्याच्या तोंडावर पंच ठेवून हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आट्यात उतरते. एक रात्र जाऊ द्यावी. पाण्याची एक पाळी लांबली तरी हरकत नाही, पण ही पायरी गाळू नये.

एवढ्याने न भागल्यास उष्णता द्यावी. त्यापूर्वी डिझेलची टाकी काढून दूर ठेवावी व लावलेले तेल पुसून घ्यावे. ब्लोलॅम्पची ज्योत तुकड्यावर न धरता त्याच्या भोवतालच्या धातूवर फिरवावी. बीडाचे हेड सावकाश तापवावे व त्यावर पाणी कधीही ओतू नये, तडा जातो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तेथे हा उपाय लवकर लागू पडतो. मात्र ते वितळण्यापूर्वी लाल होऊन सूचना देत नाही, हे ध्यानात ठेवावे. गरम असतानाच आट्याच्या कडेला मेणबत्ती टेकवावी. पातळ झालेले मेण आत शोषले जाते. आपोआप निवू द्यावे व हीच क्रिया दोन-तीन वेळा करावी.

तुकडा बाहेर काढणे

तुकडा थोडा वर असल्यास कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून पाना लावावा. आटे शिल्लक असतील तर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून खालच्या नटाला पाना लावून फिरवावे. पाव फेरा उलट, थोडे सुलट, असे पुढेमागे करीत काढावे. एकदम ओढू नये.

तुकडा पृष्ठभागाबरोबर तुटला असल्यास ड्रिल करावे लागते. सिलिंडरमध्ये कीस जाऊ नये म्हणून धुराचे तोंड आधी चिंधीने बंद करावे. येथे खरी अडचण बरोबर मध्यावर भोक पाडण्याची असते. त्यासाठी लेथवाल्याकडून एक छोटी बुश करून घ्यावी. तिचा बाहेरचा व्यास फ्लँजच्या भोकात बसेल इतका व आतील भोक ५ मि.मी. ठेवावे. फ्लँज उरलेल्या स्टडवर तात्पुरती बसवून बुशमधून ड्रिल केल्यास ते सरकत नाही. वेग कमी, दाब भरपूर व थेंब-थेंब ऑइल ठेवावे. पाठीमागे पाण्याची पोकळी असू शकते, म्हणून नव्या स्टडची आत जाणारी लांबी मोजून ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करावी.

या भोकात बसणारा एक्स्ट्रॅक्टर बाजारात मिळतो. तो कठीण पण ठिसूळ असतो. आत तुटला तर साधे ड्रिल त्याला कापत नाही, म्हणून त्याच्या दांड्याला पाइप लावून जोर करू नये. गंजाने पक्क्या बसलेल्या तुकड्यासाठी आम्ही तो सुचविणार नाही. त्याऐवजी भोक क्रमाने वाढवावे. १० मि.मी. व १.५ मि.मी. आट्याच्या स्टडसाठी ८.५ मि.मी.पर्यंत आणि ८ मि.मी. व १.२५ मि.मी. आट्यासाठी ६.८ मि.मी.पर्यंत जाता येते. उरलेली पातळ साल टोचणीने काढून टॅपने आटे साफ करावेत. जुन्या इंजिनांत इंची आटे असतात. ३/८ इंची स्टड ९.५ मि.मी.चा असल्याने १० मि.मी.सारखाच दिसतो, तेव्हा टॅप घालण्यापूर्वी आटे गेजने तपासावेत. भोक मध्यापासून सरकू लागल्यास तेथेच थांबून हेड वर्कशॉपमध्ये न्यावे.

नवा स्टड बसविताना बंद भोकात तेल साचलेले ठेवू नये. ते दाबले जात नाही व बीडाला तडा जाऊ शकतो. सायलेन्सरच्या उष्णतेने साधे ग्रीस जळून जाते, म्हणून आट्यांना तांब्याचे ग्रीस लावावे. नट शक्यतो पितळी घ्यावेत, ते गंजून बसत नाहीत. नट आळीपाळीने आवळावेत व इंजिन एकदा चालवून निवल्यावर पुन्हा तपासावेत.