छिन्नमनस्कतेवरील औषधे आणि संप्रेरकांचा समतोल

करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातील एखादे गाव डोळ्यांसमोर आणावे. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या विकारावर उपचार घेणाऱ्या अविवाहित तरुणीची मासिक पाळी थांबते. काही दिवसांनी स्तनांतून दूध स्रवू लागते. घरात घबराट पसरते, गावात कुजबूज सुरू होते. वस्तुतः अशा वेळी कारण कित्येकदा तिच्या औषधात असते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने मुलीची बदनामी होते, औषध बंद पडते आणि आटोक्यात आलेला आजार पुन्हा उफाळतो.

या विकारावरील उपचारांना आपल्या देशात जुनी परंपरा आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेचा मनोविकारांवरील उपयोग वर्णिला. पुढे १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि आधुनिक औषधांचे युग अवतरले. भ्रम व भास ओसरून असंख्य रुग्ण घरी परतले, ते या औषधांमुळेच.

असे का घडते?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. तिच्यातून प्रोलॅक्टिन हे दूधनिर्मितीस चालना देणारे संप्रेरक स्रवते. डोपामिन हे रसायन त्या स्रावाला लगाम घालते. मनोविकारावरील औषधे डोपामिनचे कार्य रोखतात. त्यामुळे भास कमी होतात, परंतु लगामही सैल होतो व प्रोलॅक्टिन वाढते. परिणामी स्त्रियांत पाळी अनियमित होणे वा थांबणे, दूध येणे व गर्भधारणेत अडचण, तर पुरुषांत कामेच्छा मंदावणे, नपुंसकत्व व क्वचित स्तनवृद्धी ही लक्षणे दिसतात. ही स्थिती दीर्घकाळ राहिल्यास हाडे ठिसूळ होऊ शकतात. पुरुष संकोचाने याविषयी बोलत नाहीत आणि गुपचूप गोळ्या सोडतात.

सर्व औषधांचा परिणाम सारखा नसतो. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड व हॅलोपेरिडॉल यांनी प्रोलॅक्टिन अधिक वाढते. क्वेटियापिन, क्लोझापिन व अरिपिप्राझोल यांनी फारसे वाढत नाही. मात्र ओलान्झापिन व क्लोझापिन यांनी वजन व रक्तातील साखर वाढू शकते, याकडेही लक्ष हवे.

उपाय कोणता?

औषध स्वतःहून बंद करणे हा उपाय नव्हे. रक्ततपासणीने प्रोलॅक्टिनचे प्रमाण कळते. गर्भधारणा, थायरॉईडचे विकार किंवा पियूषिकेतील गाठ ही अन्य कारणे नाहीत ना, हे डॉक्टर पाहतात. त्यानंतर मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा अरिपिप्राझोलची जोड देणे असे मार्ग असतात. औषध बदलल्यावर प्रजननक्षमता परत येते, हे विवाहित स्त्रियांना आधीच सांगितले पाहिजे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, शेजारच्या रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे; आणि २०२२ पासून 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांनी अशा कुटुंबास देवऋषीकडे नव्हे, तर डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला द्यावा, आणि कुजबूज थांबवावी. गावाने दाखविलेला हा समजूतदारपणा रुग्णाला औषधाइतकाच उपकारक ठरेल.