शेळीचे आरोग्य : ओळख आणि दक्षता

आळंदीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कारखाने वाढले, चराईची राने आटली; तरीही अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या दारी दोन-चार शेळ्या आजही दिसतात. अडीनडीला विकता येणारी शेळी ही अशा घराची ठेवच होय. ती अकस्मात बुडू नये, यासाठी रोगाची चाहूल वेळीच ओळखता आली पाहिजे.

निरोगी शेळी

निरोगी शेळी कळपाबरोबर चालते, पाला आवडीने खाते व विसाव्याच्या वेळी रवंथ करते. तिचे डोळे पाणीदार, नाकपुड्या स्वच्छ, केस तुकतुकीत आणि लेंड्या घट्ट व सुट्या असतात. शरीराचे तापमान साधारणतः १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहीट, नाडीचे ठोके मिनिटाला ७० ते ९० व श्वसन १५ ते ३० असते. उन्हातून आलेल्या शेळीस सावलीत विसावा देऊन मगच ही तपासणी करावी.

आजाराची चाहूल

कळपामागे रेंगाळणे, मान खाली घालून एकटे उभे राहणे आणि रवंथ थांबणे ही प्रारंभीची लक्षणे होत. डावी कूस फुगून ताणलेली दिसल्यास पोटफुगी समजावी व तातडीने पशुवैद्यकास बोलवावे. पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली सूज आली, तर जंतांची शंका घ्यावी. पावसाळ्याच्या आरंभी कोवळे गवत अधाशीपणे खाऊन चांगली धष्टपुष्ट करडेही आंत्रविषाराने अचानक दगावतात. त्यावरील लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

साथीचा धोका

तीव्र ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण आणि हगवण ही लक्षणे एकत्र आढळल्यास पी. पी. आर. या साथीच्या रोगाचा संशय घ्यावा. भारतात या रोगाची नोंद प्रथम १९८७ साली तामिळनाडूत झाली. यावर प्रभावी लस उपलब्ध आहे. बाजारातून आणलेली एक बाधित शेळी सारा कळप धोक्यात आणू शकते. म्हणून नवे जनावर किमान तीन आठवडे वेगळे बांधावे.

गावाची जबाबदारी

जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची शंका येताच पशुपालकाने ग्रामपंचायतीस आणि पंचायतीने नजीकच्या पशुवैद्यकास कळविणे आवश्यक आहे. मेलेले जनावर इंद्रायणीत वा ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. शेळ्या राखणारी मुले शाळेतही येतात. शिक्षकांनी त्यांना ही लक्षणे समजावून दिल्यास आजारी शेळी सर्वांत आधी त्यांच्याच नजरेस पडेल.