तोंड येतं तेव्हा सगळं सांगा

तोंड आलं की आपल्याकडे औषध आधीच ठरलेलं असतं. ‘उष्णता झालीय, जाईची पानं चघळ, रात्री सब्जा घे,’ आणि दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी. एखाद्या वेळी तेवढं पुरतंही. माझं तोंड मात्र बरं व्हायचं आणि पुन्हा यायचं. जिभेच्या कडेला, ओठाच्या आत, कधी पार घशाशी. वरणभातसुद्धा झोंबायचा. मी शाळेत शिकवते. अशा दिवसांत सलग तासभर बोलणं जिवावर यायचं.

दंतवैद्यांनी तोंड पाहिलं. जांघेत आणि त्याहून नाजूक जागी व्रण आले तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांनी जंतुसंसर्गाची औषधं दिली. डोळे लाल झाले तेव्हा थेंब मिळाले. ज्याने त्याने आपापला भाग तपासला. ‘तोंडाशिवाय आणखी कुठे व्रण येतात का?’ हे मला पहिल्यांदा विचारलं ते संधिवाततज्ज्ञ बाईंनी, आणि तिथून सगळं जुळत गेलं.

आजाराचं नाव बेहचेट. इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांनी १९३७ मध्ये तोंडातले व्रण, जननेंद्रियांवरचे व्रण आणि डोळ्यांचा दाह यांची सांगड घातली. यात रक्तवाहिन्यांनाच दाह होतो, म्हणून तो शरीरात कुठेही डोकावू शकतो. तो संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवून कुणाला होत नाही, आणि नवराबायकोने एकमेकांवर संशय घ्यायचं तर काहीच कारण नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या भीतीपोटीच कितीतरी बायका खालच्या व्रणांबद्दल अवाक्षर काढत नाहीत आणि निदान लांबत जातं.

याचं निदान एका रक्ततपासणीत होत नाही. वर्षभरात तीनदा किंवा जास्त वेळा तोंड येत असेल, तर डॉक्टर बाकीच्या खुणा शोधतात. कधी हातावर निर्जंतुक सुई टोचून एकदोन दिवसांत तिथे पुटकुळी येते का, तेही बघतात. नाही आली म्हणून आजार नाही असं मात्र ठरत नाही. म्हणून तुमची हकिगतच महत्त्वाची. तपासणीची वेळ मिळेपर्यंत व्रण भरून येतात. तेव्हा उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

रोजच्या जगण्यात मला उपयोगी पडलं ते असं. सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट आणि मऊ ब्रश. दाताचं टोक घासत असेल तर ते गुळगुळीत करून घेणं. त्रासाच्या दिवसांत चिवडा, ठेचा, लिंबू, अननस बंद; मऊ भात, तूप, कोमट पेज. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम ओल्या व्रणावर टिकत नाही. रात्री दात घासून झाल्यावर व्रण कापडाने अलगद टिपायचा, मलमाचा पातळ थर द्यायचा, मग काही खायचं-प्यायचं नाही.

मला कोल्चिसिन चालू आहे. त्याने पोट बिघडू शकतं, तरी मनाने डोस कमीजास्त करायचा नाही. सर्दीतापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा: क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत घेतलं तर कोल्चिसिन अंगात साचून जिवावर बेतू शकतं.

आणि प्रत्येक व्रण याच आजाराचा असं धरून चालू नका. एकच व्रण दोनतीन आठवडे भरत नसेल, कडक लागत असेल, तर तो दाखवून घ्या. तंबाखू खाणाऱ्याने तर एकही दिवस दवडू नये.

सगळ्यात जास्त जपायचे ते डोळे. व्रण भरतात, डोळ्याच्या आतला दाह वेळीच आटोक्यात आला नाही तर गेलेली दृष्टी परत येईलच असं नाही. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, अंधुक दिसू लागलं, तर घरातले जुने थेंब घालत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि बेहचेट असल्याचं तिथे पोचल्या पोचल्या सांगा.