रजा एकीची, हिशेब दोघांचा

चि. ऋता,


बाळंतपणाचा सव्वा महिना नीट पार पडला हे ताईकडून कळलं. परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. रजा आणखी तीन महिने बिनपगारी वाढवली तर परवडेल का, आणि तोवर एसआयपी थांबवू का. बोलता बोलता, "सध्या मी काही कमवत नाही ना," असंही म्हणून गेलीस. दोन्ही प्रश्नांना आकड्यांत उत्तर देता येतं. ते तिसरं वाक्य मात्र चुकीचं आहे, म्हणून आधी तेच घेते.

बाळंतपणाच्या रजेचा पगार ही मालकाची मेहेरबानी नव्हे. मुंबई इलाख्यात 1929 साली प्रसूती लाभाचा कायदा झाला, तो कारखान्यांत राबणाऱ्या बायकांसाठी. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे 1961 साली देशभरासाठी मातृत्व लाभ कायदा आला. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल, तर रजेपूर्वीच्या तीन महिन्यांच्या सरासरी मजुरीने हा पैसा मिळतो. म्हणजे रजेवरची आई आजही कमावतेच आहे.

या रजेच्या नियमांतल्या काही गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही. 26 पैकी जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ज्या बाईने ते आठही आधी घेतले, तिच्या हाती नंतर 18 च उरतात आणि बाळ चार महिन्यांचं होताच तिला कामावर जावं लागतं. बाळंतपणातून उद्भवलेलं आजारपण असेल, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. बिनपगारी रजेचा अर्ज करण्याआधी ही तरतूद तपासावी. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं.

कंत्राटी नोकरीतल्या बाईला हे लागू नाही, असं बऱ्याच ठिकाणी सांगून मोकळे होतात. दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयात कंत्राटावर काम करणाऱ्या डॉ. कविता यादव यांची रजा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांचा करार संपला. करार संपला म्हणजे लाभही संपला, असं त्यांना सांगण्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑगस्ट 2023 मध्ये निकाल लागला की हा लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही द्यावाच लागेल. ज्यांच्या हाती पगाराची चिठ्ठीच येत नाही, त्या मोलकरणीच्या आणि शेतमजुरणीच्या वाट्याला मात्र पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये येतात, तेही हप्त्यांनी.

आता ते तीन बिनपगारी महिने. समज, एका घरात तिच्या हातात महिना 60,000 येतात आणि त्याच्या हातात 90,000. तीन महिने तिचा पगार बंद, म्हणजे 1,80,000 ची खोट. बहुतेक घरांत ही खोट तिच्या नावावर मांडली जाते. तिची एसआयपी थांबते, तिचा पीपीएफ राहून जातो, तिची मुदत ठेव मोडते. त्याचं सगळं पूर्वीसारखं चालू असतं. वर बिनपगारी काळात पगारच नाही, म्हणून पीएफची वर्गणीही पडत नाही, तिची नाही आणि मालकाचीही नाही. बँकेच्या काउंटरमागे अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला हे चित्र पाठ असतं. बाळ दोघांचं असतं, ठेव मोडायला येते ती बहुतेक वेळा बाई.

याला तोड साधी आहे. खोट मिळकतीच्या प्रमाणात वाटायची. वरच्या घरात ते प्रमाण दोनास तीन आहे, म्हणजे 72,000 तिने सोसायचे आणि 1,08,000 त्याने. तीन महिने दर पहिल्या तारखेला त्याने 36,000 तिच्या खात्यात भरायचे. त्यातून तिची एसआयपी चालू राहते, आणि डायपर आणायला किंवा मैत्रिणीच्या लग्नात आहेर द्यायला तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. घरखर्चाच्या जोड खात्यातून हे भागत नाही, कारण तिथला प्रत्येक खर्च दोघांच्या नजरेखालून जातो. हे जमत असेल तर रजा वाढव, आणि एसआयपी थांबवू नकोस.

खर्चाच्या बाजूलाही थोडी कात्री लावता येते. बारशाचा हॉल, तीनशे पानं आणि परतभेटी यांवर उडतात त्याच पैशांत कित्येक महिने मालिशवाल्या बाईंचा पगार निघेल, आणि त्या बाई आईच्या जास्त कामाच्या. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या पेंटाव्हॅलंट आणि रोटाच्या, तसंच न्यूमोकोकलच्या लशी सरकारी केंद्रात फुकट मिळतात. खासगी दवाखान्यात त्यांनाच हजारो रुपये पडतात. कंपनीच्या आरोग्य विम्यात बाळाचं नाव घालायला बहुधा मुदत असते, ती चुकवू नये. सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत कधीही उघडता येतं आणि 250 रुपयांवरही चालतं, त्यामुळे आजोबांच्या आग्रहाखातर पहिल्याच वर्षी दीड लाख त्यात अडकवायची घाई नको. आधी चार-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा.

पैशाचं इतकं लांबवलं, कारण मनाचा रस्ता त्यातूनच जातो. गोव्यात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी 270 गरोदर बायकांची नोंद करून त्यांचा पाठपुरावा केला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. कारणांच्या यादीत पैशाची ओढाताण होती, नवऱ्याशी बिनसलेलं नातं होतं, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगीही होती. पुढे भारतातल्या 38 अभ्यासांतल्या 20,043 आयांची आकडेवारी एकत्र केली तेव्हाही प्रमाण 22 टक्के भरलं, म्हणजे पाचात एकीहून थोडं अधिक.

पहिल्या आठवड्यात उगीच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं, बाळ झोपलं तरी आईचा डोळा लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर "बाळंतिणीला होतंच असं" म्हणून सोडून देऊ नये. एडिंबरा प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची चाचणी 1987 पासून जगभर वापरात आहे. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच ती विचारते. एकूण 30 गुण असतात आणि 13 किंवा त्याहून अधिक भरले तर डॉक्टरांना दाखवायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही असो, थांबायचं नाही. हजारात एखाद-दुसरीला भास होतात, भलतेच संशय येतात. तेव्हा मात्र अंगारे-धुपारे करत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

बापाचं काय? केंद्र सरकारी नोकराला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. कंपनी देईल ती खरी. त्यातून पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे असलेली रजाही दवाखाना आणि बारसं यांत संपते. आई बाळाला घेऊन सासरी परतते त्या आठवड्यात, जेव्हा आजी हाताशी नाही आणि रात्री चारदा उठायचं आहे, तेव्हा तो ऑफिसात असतो. रजा शिल्लक ठेवायची ती या आठवड्यासाठी. शिवाय नवे बापही या काळात खचतात. अनेक देशांतल्या अभ्यासांवरून 2010 मध्ये काढलेला अंदाज दहात एकाचा होता. कर्जाचे हप्ते आणि अर्धवट झोप दोन्ही त्याच्या डोक्यावरही असतात, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

शनिवारी जावईबापू येतील तेव्हा हे पत्र दोघांनी मिळून वाचा. सोमवारी एचआरला मेल टाक. बिनपगारी काळात विमा चालू राहतो का, पाळणाघर कुठे आहे आणि जागा मिळेल का, पहिले काही आठवडे घरून काम करता येईल का, हे तीन प्रश्न लेखी विचार आणि उत्तरही लेखीच माग. फोनवर कुणी काही कबूल केलं तर त्यावर जाऊ नकोस. आणि त्या दहा प्रश्नांची उत्तरं लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखव, बाळाचं वजन दाखवतेस तशीच.

तुझी,
मावशी