एक नाव, दोन घरं : पायथनमधली नेमस्पेस



आपल्याकडे नेवासा खुर्द आहे, तसं नेवासा बुद्रुकही आहे. पत्रावर नुसतं 'नेवासा' लिहिलं, तर पोस्टमननं जायचं कुठं? खुर्द किंवा बुद्रुक जोडलं की प्रश्न मिटतो. पायथनमध्ये हेच काम नेमस्पेस करते. नेमस्पेस म्हणजे नावांची हद्द.

उदाहरण बघा. 'मॅथ' आणि 'सीमॅथ' या दोन्ही मॉड्यूलमध्ये वर्गमूळ काढणारं 'एसक्यूआरटी' फंक्शन आहे. उणे १ चं वर्गमूळ विचारलं, तर मॅथ एरर देतं. सीमॅथ मात्र '१जे' ही काल्पनिक संख्या देतं. मुलानं दोन्हींमधलं सगळं 'इम्पोर्ट स्टार'नं आणलं, तर नंतर आलेलं नाव आधीच्या नावाची जागा घेतं. पायथन काहीच बोलत नाही. उत्तर बदलतं आणि मुलाला वाटतं, आपलं गणितच कच्चं. म्हणून पूर्ण पत्ता लिहायची सवय लावा : मॅथ डॉट एसक्यूआरटी.

दुसरी अडचण नेहमीची. मूल स्वतःच्या फाइलला 'रँडम' नाव देतं आणि आत 'इम्पोर्ट रँडम' लिहितं. पायथन आधी त्याच फोल्डरमध्ये शोधतं, मुलाचीच फाइल उचलतं आणि 'रँडइंट' सापडत नाही म्हणून एरर येतो. फाइलचं नाव बदला, झालं काम.

आता मोठ्या मुलांसाठी. 'गूगल डॉट प्रोटोबफ' आणि 'गूगल डॉट क्लाउड डॉट स्टोरेज' या वेगळ्या लायब्रऱ्या, पण 'गूगल' हे आडनाव सामाईक. २०१२ मध्ये आलेल्या पायथन ३.३ पासून अशा सामाईक फोल्डरमध्ये 'इनिट' फाइल नसेल, तर वेगवेगळ्या ठिकाणचे भाग पायथन एकत्र धरतं. एकानं जरी तिथं इनिट फाइल ठेवली, तरी पायथन तेवढंच पूर्ण घर समजतं. दुसऱ्या ठिकाणचे भाऊबंद त्याला दिसत नाहीत.

सी प्लस प्लसमधली लायब्ररी 'पायबाइंड ११'नं पायथनला जोडतानाही हाच धडा. एका मॉड्यूलनं नोंदवलेला क्लास दुसऱ्याला हवा असेल, तर दुसऱ्यानं आधी पहिलं मॉड्यूल इम्पोर्ट करावं. तोच क्लास पुन्हा नोंदवायला गेलं, तर 'नोंद आधीच आहे' असा एरर येतो. एका जमिनीचे दोन सातबारे कसे चालतील?

वर्गात किंवा घरी करून पाहा : २५ चं वर्गमूळ दोन्ही मॉड्यूलनं काढायला सांगा. एकीकडे ५.० येईल, दुसरीकडे ५+०जे. फरक का पडला, ते मुलांनाच सांगू द्या.